धरसोड

मागची गाडी एखाद्या उतारावर पुढच्या गाडीला ढकलून देईल, ही भीती शिवलीलाच्या मनातून काही केल्या जात नव्हती. पुढची गाडी म्हणजे तिच्या मुलाची, योगीराजची जुनी ओम्नी व्हॅन. मागची रोज वेगळी. कधी कोलारच्या रस्त्यावर बंद पडलेली मारुती, कधी हासनहून निघालेल्या वऱ्हाडातली रुसलेली सँट्रो, कधी कुणाच्या गोठ्यात वर्षानुवर्षं उभी असलेली अँबॅसेडर. दोघींच्या मध्ये एक लोखंडी दांडा. ड्रायव्हर लोक ह्याला टोचन म्हणतात. शिवलीलाला हा शब्द पहिल्यांदा ऐकताच कळला होता, कारण टोचायचं ते तिलाच.

बेंगळुरूत बंद गाड्या ओढणाऱ्या क्रेनची काही वाण नाही. पण क्रेनवाले गावाबाहेर फार लांब जात नाहीत, आणि गाड्या पाठीवर लादून नेणारे मोठे कॅरिअर एका म्हाताऱ्या गाडीसाठी हलत नाहीत. त्या मधल्या जागेत योगीराजचा धंदा होता. त्याची ओम्नी त्यानं सिटी मार्केटमधल्या एका फुलवाल्याकडून घेतलेली. अजूनही उन्हात तापली की तिला झेंडूचा वास येई. इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली, तेही इतकं लहान की शिवलीला म्हणायची, “माझ्या मिक्सरला ह्यापेक्षा जास्त जोर आहे.” योगीराज सीटवर पोत्याची चौपदरी घडी टाकून बसायचा, तरी लांबच्या चढावर चुलीवर बसल्यासारखं व्हायचं.

ह्या मुलाचं एक लक्षण शिवलीलानं त्याच्या लहानपणापासून सगळ्यांना सांगितलं होतं: योगी धरसोड्या आहे. डिप्लोमा दोन वर्षं करून सोडला. फोटो स्टुडिओत लागला, तोही सोडला. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात मशीनवर उभा राहिला, तिथं तर दिवाळीचा बोनस हातात पडायच्या आतच बाहेर पडला. मग एकदा चामराजपेटमधल्या शेजाऱ्यांची गाडी तुमकूरला अडकली. ती ओढून आणायला हा कुणाची तरी व्हॅन मागून गेला, रात्रभर चालवत घरी आला आणि सकाळी आंघोळसुद्धा न करता म्हणाला, “आई, हे मला जमतंय.” शिवलीला तेव्हा बँकेत निघायच्या घाईत होती. ती म्हणाली, “बरं. हेही बघ चार दिवस.” ते चार दिवस आता सात-आठ वर्षांचे झाले होते. पण धरसोड्या हा शब्द काही तिच्या तोंडून गेला नव्हता.

तिचे थोरले भाऊ आप्पाजी हुबळीत गाड्यांच्या एका मोठ्या शोरूमचे मॅनेजर होते. तिथल्या वर्कशॉपमध्ये एक जागा रिकामी झाली. शिवलीलानं भावाच्या मागं लागून ती योगीराजसाठी धरून ठेवायला लावली. त्याच महिन्यात शिवकुमारनं काम सोडलं आणि देवानंच कौल दिला असं तिला वाटलं.

शिवकुमार म्हणजे मागच्या गाडीतला माणूस. टोचन लावलेल्या गाडीचं इंजिन बंद असलं तरी तिचं स्टिअरिंग कुणीतरी धरावं लागतं, ब्रेक कुणीतरी दाबावा लागतो. उतारावर तर मागच्यानंच दोन्ही गाड्या आवरायच्या असतात. मंड्याचा शिवकुमार हे काम इतक्या वर्षांत एकदाही न चुकता करत आला होता. त्याला एका शाळेच्या बसवर कायमची नोकरी लागली. तो पेढे घेऊन आला तेव्हा शिवलीलानं दोन पेढे खाल्ले.

पण योगीराजनं एक शब्द आधीच दिलेला होता. एचएसआर लेआउटमध्ये राहणाऱ्या विद्याधर नावाच्या एका माणसाकडे वडिलांची पद्मिनी होती, निळी फियाट. तिचं इंजिन काढून निपाणीला गेलं होतं. तिथं ज्योतिबा मिस्त्री नावाचे जुने फिटर होते आणि ते दिवाळीनंतर गॅरेज बंद करणार होते. इंजिन त्यांनी नवं करून ठेवलं होतं, आता गाडी तिथं पोचवायची होती.

“मागं कोण बसणार?” शिवलीलानं कणीक मळता मळता विचारलं.

“कुणी नाही. दांड्याला लोखंडी त्रिकोण जोडतो, तिकोना म्हणतात त्याला. मागची गाडी आपोआप वळते त्यानं.”

“आणि ब्रेक?”

परातीतला कणकेचा एक गोळा उचलून योगीराज हातातल्या हातात फिरवू लागला.

“ब्रेक कोण लावणार म्हटलं मी.”

“हळू जाईन की.”

शिवलीलाच्या डोळ्यांसमोर निपाणीच्या अलीकडचा तवंदी घाट उभा राहिला. तिचं माहेर निपाणीचं. कॉलेजात असताना त्या घाटात उलटलेल्या लॉऱ्या तिनं बसच्या खिडकीतून पाहिल्या होत्या. तिनं हात धुतले, पदराला पुसले.

“मी बसते मागं,” ती म्हणाली.

“तू?”

“वीस वर्षं मी मारुती चालवत बँकेत गेले, ते काय तुझ्या जिवावर? पण माझी एक अट आहे. वाटेत क्रेन बोलवायची पाळी आली, नाहीतर गाडी परत फिरवावी लागली, तर ओम्नी विकायची आणि मामाकडं कामाला लागायचं.”

“आणि पोचलो तर?”

“पोचलास तर ह्या विषयावर मी तोंड उघडणार नाही.”

शिवलीलाचे यजमान, नागराज, चिकपेटच्या हार्डवेअरच्या दुकानात जायला निघाले होते. चपला घालता घालता ते थांबले. “तू तोंड उघडणार नाहीस? हे बघायला तरी ती गाडी निपाणीला पोचलीच पाहिजे.”

पहाटे निघाले. पद्मिनीचं इंजिन नसल्यानं तिचं पुढचं अंग हलकं झालं होतं. नाक वर करून, कुणाशी भांडून माहेरी निघाल्यासारखी ती ओम्नीच्या मागून चालली होती. शिवलीलाच्या शेजारच्या सीटवर डबा, पाण्याची बाटली आणि स्पीकरवर चालू ठेवलेला फोन. फोनच्या दुसऱ्या टोकाला योगीराज.

खुणेचे शब्द शिवकुमारच्या काळापासून ठरलेले होते. तो कन्नड बोलणारा, म्हणून शब्दही कन्नड. ब्रेक धरायचा असेल तर हिडी, सोडायचा असेल तर बिडी.

“लक्षात राहील ना, आई?”

“जन्म सीमेवरचा माझा, संसार इथं केला. मला कन्नड शिकवू नकोस.”

नेलमंगलाच्या टोलनाक्यावर तिथला माणूस बूथमधून खाली उतरला. ही एक गाडी धरायची की दोन, ह्यावर त्याचं आणि योगीराजचं थोडं झालं. मग त्यानं मागं येऊन पद्मिनीच्या जाळीतून आत डोकावलं आणि शिवलीलाला कन्नडमध्ये विचारलं, “अक्का, इंजिन कुठं आहे?”

“ते पुढं गेलंय,” शिवलीलानं आतूनच उत्तर दिलं. “आम्ही मागून चाललोय.”

तो इतका हसला की फाटक उघडायचंच विसरला.

योगीराज चाळिसाच्या वर जात नव्हता. तासाभरानं एकदा थांबायचा, दोन्ही गाड्यांभोवती फेरी मारायचा, एकेका चाकाच्या मधोमध तळहात ठेवून बघायचा. आजाऱ्याचा ताप बघावा तसं. शिवलीला खिडकीतून ते बघत राहिली. चहाच्या टपरीवर एका जीपवाल्यानं त्याला गाठलं. त्याची मोठी जीप पुढं शिऱ्याला बंद पडली होती. परतताना ओढून नेशील का, असं विचारत तो बराच वेळ अजिजी करत होता.

“माझ्या गाडीला तेवढं झेपणार नाही,” योगीराजनं सांगितलं.

“स्वल्प अंतर तर आहे.”

“स्वल्प असलं तरी वजन तेवढंच असतंय की, अण्णा.” त्यानं जीपवाल्याला शिऱ्यातल्या एका क्रेनवाल्याचा नंबर दिला.

शिवलीलाला हे नवीन होतं. आपला मुलगा कशालाही हो म्हणून बसतो, असा तिचा समज होता.

चित्रदुर्गाच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं. एका लांब चढावर गाड्यांची रांग लागली आणि रांगेत ही वरातही थांबली. मागं कांद्याची लॉरी. शिवलीलानं ब्रेक दाबून धरला. पुढं रांग हलली. योगीराजला आता जड गाडी मागं घेऊन चढावर उभ्याउभ्या निघायचं होतं. त्यानं क्लच अर्धा सोडून जोर धरेपर्यंत तिनं ब्रेक धरायचा आणि तो म्हणाला की तत्क्षणी सोडायचा.

“हिडी,” फोनमधून आवाज आला. “हिडी... हिडी...”

ओम्नी गुरगुरली. बाजूनं जाणाऱ्या एका टँकरनं हॉर्न दिला.

“बिडी.”

शिवलीलानं ऐकलं, हिडी. तिनं आणखी जोरात दाबला.

ओम्नीनं एक हिसका दिला, दुसरा दिला आणि बंद पडली. जळक्या क्लचचा करपट वास पद्मिनीत आला. आणि मग शिवलीलाला जाणवलं, की दोन्ही गाड्या आता तिच्या उजव्या पायावर उभ्या आहेत. तिनं डावा पायही ब्रेकवर नेला. मागच्या लॉरीचं तोंड आरशात भरून उरलं होतं.

योगीराज उतरून धावत आला. त्यानं दोन लाकडी ठोकळे आणले होते. ते पद्मिनीच्या मागच्या चाकांखाली पायानं ठोकून बसवले, मग खिडकीशी आला. “सोड आता. हळू.”

तिनं पाय उचलला. गाडी ठोकळ्यांवर टेकली.

“बिडी म्हटलं मी.”

“हिडी म्हणालास.”

“बिडी म्हणालो, आई.”

“मला हिडी ऐकू आलं.”

लॉरीचा ड्रायव्हर खिडकीतून अंगभर बाहेर आला होता. हे काय चाललंय ते त्याला कळेना. एवढंच कळलं की दोघं कधीचे बिडी बिडी करताहेत. त्यानं खिशातून एक विडी काढली आणि योगीराजच्या पुढं धरली. योगीराजनं ती घेतली, कानावर ठेवली आणि त्याला नमस्कार केला.

मग त्यानं ओम्नीची सीट उचलली. आतून धूर नव्हता, पण वास होता. तो बराच वेळ वाकून बघत राहिला. मग परत खिडकीशी आला.

“क्लच थंड होऊ दे जरा. लागला तर लागला. नाही लागला तर चित्रदुर्गातून क्रेन बोलवतो.” तो दांड्याच्या खिळीकडं बघत म्हणाला, “मग तू जिंकलीस.”

शिवलीलाला आता काहीच करायचं नव्हतं. डब्यातला दहीभात खाऊन गप्प बसलं की पुरे होतं. क्रेन आली की हुबळीची नोकरी पक्की. दर रात्री दाराच्या कडीकडं कान लावून पडणं संपणार होतं. गेली कित्येक वर्षं ती देवापुढं हेच मागत होती, आणि ते आता तिच्या पुढ्यात, महामार्गाच्या कडेला येऊन उभं होतं.

योगीराज खाली बसून पद्मिनीच्या पुढच्या चाकाला हात लावून बघत होता. हरलेल्या माणसाला चाकाच्या तापाशी काय करायचं असतं? तरी तो एकेक चाक बघत होता. चौथंही बघितलं.

“योगी,” तिनं हाक मारली. “चूक कुणाची झाली?”

“चूक कुणाचीच नाही. आवाज सारखा आहे दोन्हीचा.”

“मग शिवकुमार कसा फसला नाही?”

“त्याचा कान सरावलेला.”

“म्हणजे चूक माझ्या कानाची. गाडीची नाही, तुझीही नाही.” तिनं दार उघडलं आणि खाली उतरली. तिनं टपाला हात लावला. “माझ्या कानापायी तू हरलास असं मला चालणार नाही. पैज लावलीय ती तुझ्या कामावर. ते शब्द बदल.”

“काय घेऊ?”

“मराठी घे. धर आणि सोड. ह्यात बहिराही फसायचा नाही.”

योगीराजला हसू आवरेना. तो ओम्नीला टेकून हसत राहिला. “जन्मभर मला धरसोड्या म्हणत आलीस. आता तूच कर धरसोड. निपाणीपर्यंत.”

“बस गाडीत. जास्त बोलू नकोस,” शिवलीला म्हणाली, पण तिच्याही तोंडाचा कोपरा हलला.

क्लच थंड झाला. लॉरीवाला खाली उतरून ठोकळे काढायला उभा राहिला.

“धर... धर... धर...”

ओम्नीचा आवाज खोल गेला, दांडा ताणला गेला.

“सोड.”

तिनं सोडलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग पद्मिनीचं नाक हललं आणि कुणीतरी कमरेला हात लावून उठवावं तशी गाडी चढाला लागली. मागून लॉरीचा हॉर्न वाजला, ह्या वेळी खुशीचा.

मुक्काम हावेरीत केला. दुसऱ्या दिवशी हुबळीच्या बायपासवरून जाताना शिवलीलानं डोक्यावरून पदर घेतला आणि मान खाली घातली. आप्पाजी ह्या वेळी शोरूममध्ये असतात आणि बायपासवर येत नाहीत, हे तिला माहीत होतं. तरीही घेतला.

“आई, रस्ता दिसतोय ना?” फोनमधून आवाज आला.

“दिसतोय.”

“मामा नाही इथं.”

“तू पुढं बघ.”

संकेश्वर मागं पडलं. घाटाच्या माथ्यावर योगीराजनं गाड्या कडेला घेतल्या आणि तो मागं आला.

“आता उतार. माझ्या गाडीच्या ब्रेकनं काही होणार नाही, सगळं तुझ्याकडं. पण ब्रेक एकसारखा दाबून ठेवू नकोस. ड्रम तापतात, तापले की ब्रेक मरतो. धरायचं, सोडायचं. परत धरायचं, परत सोडायचं. मी सांगत राहीन.”

“आणि तू सांगितलं नाहीस तर?”

दांडा जिथं ओम्नीला अडकवला होता ती खिळी त्यानं बोटानं हलवून दाखवली. ती जराशी सैल होती, हलताना वाजत होती. “मागची पुढच्याला ढकलायला लागली की ही ‘टक्’ वाजते. टक् झालं की धर. परत टक् होऊन दांडा ओढला गेला की सोड.”

पहिली दोन वळणं योगीराजच्या आवाजावर झाली. धर. सोड. धर. सोड. तिसऱ्या वळणावर फोन खरखरला, ‘ध’ एवढंच ऐकू आलं आणि आवाज गेला. डोंगराच्या कुशीत नेटवर्क नव्हतं.

एकीकडं कडा, एकीकडं दरी, पुढं आपल्याच मुलाची पत्र्याची व्हॅन. तिच्या मागच्या काचेतून त्याच्या डोक्याचा मागचा भाग दिसत होता, त्यावरचा लहानपणापासूनचा न बसणारा भोवरा. शिवलीलाला वाटलं ब्रेक जीव खाऊन दाबावा आणि सोडूच नये. पाय तसा जाऊही लागला.

टक्.

तिनं धरलं. पद्मिनी आवरली, दांडा ताणला गेला, पुन्हा टक् वाजलं. पायाला सोडायचं नव्हतं. तिनं सोडलं. गाडी पुन्हा पुढं झुकली, व्हॅनच्या अंगावर आल्यासारखी. टक्. धरलं. सोडलं. योगीराजनं खिडकीतून हात बाहेर काढला होता, बहुधा तिला काही सांगण्यासाठी. थोड्या वेळानं त्यानं तो आत घेतला. पुढच्या वळणावर त्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. शिवलीलाला आधी राग आला, आणि मग लक्षात आलं की मागं शिवकुमार असता तरी तो असाच पुढं बघत चालवत राहिला असता.

खाली निपाणीची घरं दिसायला लागली तेव्हा फोन वाजला. “आई, आहेस?”

“आहे.”

“सपाटी आली.”

“दिसतंय मला.”

ज्योतिबा मिस्त्री गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. गाड्या थांबताच ते उठले. ओम्नीकडं त्यांनी बघितलंच नाही. पद्मिनीच्या चाकाशी उकिडवे बसले, ड्रमवर हात ठेवला, काढला, परत ठेवला.

“घाटातनं आलासा न्हवं?” त्यांनी विचारलं.

“होय,” योगीराज म्हणाला.

“मग ब्रेक एवढं गार कसं? मागं कोण हुतं?”

“आई.”

मिस्त्रींनी शिवलीलाकडं वर पाहिलं. “कुनाची तुमी, बाई? निपाणीच्या वाटतासा.” तिनं माहेरचं नाव सांगितलं. “तरीच,” एवढंच ते म्हणाले आणि चहा सांगायला गेले.

दुपारभर योगीराज आणि मिस्त्री पद्मिनीच्या पोटात डोकं घालून होते. इंजिन साखळीला टांगून हळूहळू खाली येत होतं. योगीराजनं पैजेचा विषय काढला नाही. चहाचा कप देताना नाही, जेवताना नाही. शिवलीला पायरीवर बसून त्याच्याकडं बघत होती. भीती गेली नव्हती. उलट आता ती तिला नीट माहीत झाली होती. उतार केवढा, टक् कसं वाजतं, नेटवर्क कुठं जातं. पुढच्या वेळी तो मागं कुणाला न घेता निघाला, तर तिला प्रत्येक वळण दिसणार होतं.

तोंड उघडणार नाही असं ती म्हणाली होती. पण ते योगीराजपुढं. आप्पाजींपुढं नाही.

तिनं पर्समधून फोन काढला. भाऊ चिडेल हे तिला ठाऊक होतं. एवढ्या खटपटी करून धरून ठेवलेली जागा, आणि धरायला लावणारीच आता सोड म्हणते, असं तो चारचौघांत सांगेल. सांगू दे. तिला त्याला एवढंच बोलायचं होतं, की ती जागा दुसऱ्या कुणाला दे, योगीराजला काम आहे. आणि तुझ्या शोरूममधून एखादा ड्रायव्हर निवृत्त होत असेल, डोक्यानं शांत, घाटातला अनुभव असलेला आणि मुख्य म्हणजे कानानं धड, तर त्याचा नंबर पाठव. मागच्या गाडीसाठी माणूस पाहिजे.

आत इंजिन जागेवर बसल्याचा जड आवाज आला आणि दोघंही एकदम बोलू लागले. शिवलीलानं आप्पाजींचं नाव शोधलं, बोटानं दाबलं आणि फोन कानाला लावला.